शुद्धीची मोजणी

मनुष्य शुद्धीवर आहे की नाही, हे सांगणे वरवर सोपे वाटते. परंतु डोक्याला मार बसलेला रोगी खाटेवर पडला असता कोणी त्याला 'गुंगीत' म्हणतो, कोणी 'ग्लानीत', कोणी 'अर्धबेशुद्ध'. रोगी एक आणि शब्द तीन! रात्रीच्या परिचारिकेने लिहिलेली 'गुंगी' आणि सकाळच्या परिचारिकेला दिसणारी 'गुंगी' एकच आहे काय, हे कोणी ठरवावयाचे? वैद्यकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु पाळी बदलताना एका कामगाराने दुसऱ्याच्या हाती काय सोपवावे, हा प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात निघाले. क्लाइड नदीकाठच्या गोव्हन भागात, जहाजबांधणीच्या कारखान्यांच्या शेजारी, सदर्न जनरल हे इस्पितळ होते. १९७१ साली याच नदीकाठच्या कामगारांनी, कारखाने बंद पडू नयेत म्हणून, संप न करता काम चालू ठेवून लढा दिला होता. त्या इस्पितळातील ग्रॅहम टीझडेल व ब्रायन जेनेट या दोन मेंदूतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मेंदूचे छेदचित्र घेणारी यंत्रे तेव्हा नुकतीच आली होती व मोजक्याच ठिकाणी होती. या मोजपट्टीला मात्र डोळे, कान आणि लक्ष एवढेच भांडवल पुरे होते.

तीच पाहणी तीन अंगांनी करावयाची. डोळे आपणहून उघडतात, हाकेने उघडतात, दाब दिल्यावर उघडतात की मुळीच उघडत नाहीत? बोलणे सुसंगत आहे, भ्रमिष्ट आहे, तुटक शब्दांचे आहे, की नुसते कण्हणे आहे? सांगितल्यावर हात हलतो की नाही? डोळ्यांना ४, वाचेला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त गुण. म्हणजे पूर्ण शुद्धीला १५ आणि गाढ बेशुद्धीला ३. मूळच्या पट्टीत हालचालीला पाचच पायऱ्या होत्या. सहावी मागाहून आली. पुढे २०१८ साली बाहुल्यांच्या तपासणीचीही तिला जोड मिळाली.

हे गुण परीक्षेतील गुणांसारखे एकदाच द्यावयाचे नसतात. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साचू लागले की मेंदूवर दाब वाढतो आणि शुद्ध पायरीपायरीने उतरते. १९७५ साली ग्लासगोच्याच वैद्यांनी, मार लागल्यानंतर बोललेल्या आणि तरीही पुढे दगावलेल्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जो बोलला, त्याचा मेंदू पहिल्याच तडाख्यात निकामी झालेला नव्हता; घात पुढच्या तासांत झाला. त्या तासांत खाटेपाशी असते ती परिचारिका. मघाचे १४ आता १२ झाले, हे तिने पाहिले आणि तत्काळ कळविले, तर शस्त्रक्रियेला वेळ सापडतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, हे पाहणे म्हणजे कुशल श्रम आहेत. तक्ता कितीही उत्तम असो, एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतक्या खाटा सोपविल्या, तर तो वेळेवर भरावयाचा कोणी? परिचारिका जेव्हा माणसे वाढवून मागतात, तेव्हा त्या रोग्याचे ते मोलाचे तास मागत असतात, हे नागरिकांनी ध्यानी धरावे.