चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर मन का रमत नाही?

‘घर मोठं झालं, संडास घरात आला, तरी आई गप्प गप्प असते. रात्री उठून बसते.’ हिंदमाता, नायगाव, परळ भागात प्रॅक्टिस करताना मुला-सुनांकडून हे ऐकायला मिळते. पेशंट स्वतः मात्र ‘उदास वाटतं’ असे सहसा म्हणत नाही. तक्रार असते ती छातीत धडधड, भूक न लागणे, डोके जड होणे, अशी.

१९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. पुनर्विकासात त्याबदली ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. बदल चांगलाच आहे. पण चाळीत दार उघडे असायचे, गॅलरीतून जाणारा प्रत्येकजण डोकावून दोन शब्द बोलायचा. टॉवरमध्ये दार बंद, आणि लिफ्टची भीती वाटणारी आजी दिवसभर घरात. संक्रमण शिबिरात राहून आलेल्यांनी तर हे दोनदा सोसलेले असते.

चांगल्या बदलाचाही ताण येतो. होम्स आणि राहे यांनी १९६७मध्ये आयुष्यातील घटनांना ताणाचे गुण दिले, त्यात घर बदलण्याला २० आणि लग्नाला चक्क ५० गुण आहेत! त्यामुळे ‘एवढं छान घर मिळालं, आता काय रडायचं?’ असे घरातल्या माणसाला म्हणू नका. तो मग बोलायचेच बंद करतो.

सुरुवातीचे काही आठवडे चुकल्यासारखे वाटणे हा आजार नव्हे. मात्र मन सतत त्याच विचारात अडकले, झोप, जेवण, रोजची कामे बिघडली, तर ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ असू शकतो. तो साधारणपणे बदलानंतर महिनाभरात सुरू होतो आणि बहुतेकदा सहा महिन्यांत ओसरतो. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मी शक्यतो टाळतो. वयस्कर माणसे त्यांनी रात्री पडतात, आणि खुब्याचे हाड मोडले की सगळेच अवघड होते.

सगळे मनावर ढकलू नका. थायरॉइड, बी-१२, साखर आणि रक्तदाब आधी तपासून घ्या. अचानक दिवस-रात्रीचे भान सुटले, असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर तो जागा बदलल्याचा परिणाम समजून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. छातीत दुखत असेल तर लगेच.

घरी काय कराल? पहिले काही दिवस लिफ्टने सोबत खाली-वर करा, बटणे त्यांनाच दाबू द्या. जुना भाजीवाला, जुने देऊळ, जुनी चहाची वेळ तशीच ठेवा. चाळीतले शेजारी कोणत्या मजल्यावर गेले ते लिहून फोनजवळ लावा. पलंग, देव्हारा, जुने कपाट कुठे ठेवायचे हे त्यांना विचारा. आमच्याकडे जुनी भांडी न विचारता भंगारात दिल्याने बिनसलेले पेशंटही येतात.

‘आता जगून काय करायचं’ असे शब्द आले, तर एकटे सोडू नका. टेली-मानस १४४१६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येते. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सोबत जा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी न्यायला विसरू नका.