दावेदार की तोतया? : इंग्लंडच्या कायद्यातील समलिंगी कुटुंबाच्या परिभाषेचा इतिहास

कायद्याची भाषा ही नात्यांची केवळ नोंद ठेवीत नाही. ती नाती निर्माण करते, तशीच नाकारतेही. एखादी स्त्री ज्या मुलाला रोज न्हाऊमाखू घालते, शाळेत पोचवते, आजारपणात उशाशी बसते, त्या मुलाची ती कोण, या प्रश्नाचे उत्तर घरात एक व न्यायालयात दुसरे असू शकते. इंग्लंडमधील समलिंगी जोडप्यांनी दत्तकविधान, परक्या मुलांचे संगोपन आणि दात्याच्या साह्याने गर्भधारणा या मार्गांनी जी कुटुंबे उभारली, त्यांच्या इतिहासात ही तफावत ठळकपणे दिसते. प्रस्तुत टिपणात १९८८ ते २००८ या वीस वर्षांतील काही अधिनियमांची शब्दयोजना त्या दृष्टीने तपासावयाची आहे.

१९८८ च्या स्थानिक शासनविषयक अधिनियमातील कलम २८ अन्वये, समलिंगी संबंध हे 'प्रिटेंडेड' कौटुंबिक नाते म्हणून स्वीकारार्ह आहेत अशी शिकवण शाळांतून देण्यास उत्तेजन देण्याची स्थानिक संस्थांना मनाई झाली. हा शब्द मोठा बोलका आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'पुढे ताणून धरणे'. त्यावरून 'हक्क सांगणे' व पुढे 'सोंग आणणे' हे अर्थ इंग्रजीत आले. मराठीत गादीवर हक्क सांगणारा तो दावेदार आणि खोटे रूप घेऊन आलेला तो तोतया, असे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. विधिमंडळाने या कुटुंबांना जे नाव दिले, त्यात दाव्याची दखल नव्हती. तोतयेगिरीचा आरोप मात्र होता.

वस्तुतः ही कुटुंबे तेव्हा नवी नव्हती. स्त्रीजोडपी एका वैद्याच्या साह्याने दात्याच्या रेतापासून अपत्यप्राप्ती करून घेतात, असा गवगवा लंडनच्या एका सायंदैनिकाने जानेवारी १९७८ मध्येच केला होता. शिवाय 'पिता' हा शब्दही तोवर निव्वळ रक्ताचा उरला नव्हता. दात्याच्या रेतापासून विवाहितेला झालेले मूल, पतीची असंमती सिद्ध न झाल्यास, पतीचेच मानावे, असे १९८७ च्या कुटुंबविषयक कायद्याने ठरविले होते. म्हणजे पितृत्व हे जन्मापेक्षा संमतीवर आधारले गेले. हे तत्त्व स्त्रीजोडप्याला लावण्यास तर्काची अडचण नव्हती. तथापि १९९० च्या मानवी गर्भधारणाविषयक अधिनियमाने, उपचारापूर्वी होणाऱ्या मुलाच्या हिताचा विचार करताना त्याची 'पित्याची गरज'ही ध्यानात घ्यावी, असे उपचारकेंद्रांस बजावले.

दत्तकाच्या क्षेत्रात अडसर 'विवाहित' या विशेषणाचा होता. १९७६ च्या कायद्यानुसार दत्तक घेणारे एकतर विवाहित जोडपे असे, नाहीतर एकटी व्यक्ती. एकट्या समलिंगी व्यक्तीस दत्तक घेण्यास या कायद्याची आडकाठी नाही, असा निर्वाळा उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. परंतु त्यामुळे घरातील दोघांपैकी एकच पालक ठरे. दुसरा कायद्याने परकाच राही. तो वारला तर मुलाला वारसा नाही. पहिला वारला तर मूल कोणाकडे राहील याची शाश्वती नाही. १९८९ च्या बालकविषयक कायद्याखाली सहनिवासाचा आदेश मिळवून काही जोडप्यांनी ही उणीव अंशतः भरून काढली. पण तो आदेश पालकत्वाचा नव्हे. संगोपनाची गोष्ट वेगळी. तेथे कायदेशीर नाते बदलतच नाही, म्हणून व्याख्येचा अडथळा कमी आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या अनुकूलतेचा प्रश्न अधिक.

२००२ च्या दत्तक व बालक अधिनियमाने हा अडसर दूर केला. उमरावांच्या सभागृहाने ऑक्टोबरमध्ये ही तरतूद फेटाळली व नोव्हेंबरमध्ये स्वीकारली. ती अंमलात आली ३० डिसेंबर २००५ रोजी. येथे 'जोडपे' या शब्दाची व्याख्या विस्तारली. विवाहित जोडप्यांबरोबरच, 'चिरस्थायी कौटुंबिक नात्यात' जोडीदार म्हणून राहणाऱ्या, भिन्न वा समान लिंगाच्या, कोणत्याही दोन व्यक्ती तीत आल्या. १९८८ मधील 'कौटुंबिक नाते' हे शब्द तसेच राहिले. चौदा वर्षांत बदलले ते त्यांचे विशेषण. इंग्लंड व वेल्समध्ये कलम २८ रद्द झाले ते त्याच्या पुढील वर्षी, २००३ मध्ये.

२००८ च्या अधिनियमाने 'पित्याची गरज' काढून 'आधार देणारे पालकत्व' हे शब्द घातले आणि जन्मदात्रीच्या स्त्री जोडीदारास 'पालक' म्हणून जन्मनोंदीत स्थान दिले. तिला 'दुसरी माता' म्हटले नाही, हेही लक्षणीय होय. पुरुषजोडप्यांना परस्त्रीने गर्भ वाहून दिलेल्या मुलाचे पालकत्व न्यायालयाच्या आदेशाने मिळू लागले ते २०१० पासून.

भारतातही आज हाच प्रश्न एका विशेषणापाशी अडला आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार जोडप्यास मूल द्यावयाचे तर, काही अपवाद वगळता, किमान दोन वर्षांचे 'स्थिर वैवाहिक नाते' हवे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा नियम कायम ठेवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड हे अल्पमतात होते. तेव्हा येथेही दोघांपैकी एकानेच दत्तक घ्यावे, आणि दुसऱ्याने त्याच घरात राहून त्या मुलाचे कायद्याने कोणीच नसावे, ही स्थिती आहे.

या सर्व इतिहासात मुलांचे संगोपन आधी सुरू झाले व त्याला शब्द मागाहून मिळाला, असे दिसून येते. शब्द मिळेपर्यंतच्या काळाची झळ मात्र त्या शब्दावर वाद घालणाऱ्यांना लागत नाही. ती मुलाला लागते. परिभाषेचा अभ्यास हा कोशकारांपुरता विषय नाही, तो याच कारणाने.