पडद्यामागचे हात

आम्हां माहुलकरांना सिनेमाची पहिली ओळख झाली ती चेंबूरच्या आर. के. स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभे राहून. २०१७ च्या सप्टेंबरात त्या स्टुडिओला आग लागली. चित्रपटांतले जुने पोशाख जळाले, आणि २०१९ मध्ये जागाही विकली गेली. चित्रपट राहिले, पण ते घडले ती वास्तू गेली. चित्रपट घडविणाऱ्यांच्या श्रमांची नोंद कोण ठेवतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण थेट दादासाहेब फाळके यांच्या दारी पोहोचतो.

त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूतील चित्रगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ख्रिस्ती वाचकांना ही गोष्ट विशेष मोलाची वाटावी. आपल्या तारणाऱ्याच्या कथेने एका हिंदू कलावंताला त्याच्या स्वतःच्या परंपरेकडे नेले, आणि त्यातून भारतीय चित्रपट जन्मास आला.

आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहावयास मिळाला. हेपवर्थचा १९०५ चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा ब्रिटिश मूकपटांतील मानाचा चित्रपट. तो एका कुटुंबाचाच उद्योग होता. कथा पत्नीची, आईची भूमिका तिचीच, बाळ त्यांचे आणि कुत्राही घरचाच! प्रतींना इतकी मागणी आली की मूळ निगेटिव्ह झिजली आणि सारा चित्रपट पुन्हा दोन वेळा चित्रित करावा लागला.

मुंबईस परतल्यावर दादरच्या घरात फाळक्यांनीही तोच मार्ग धरला. फिल्म छिद्रांविना येई. पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत बसून तिला छिद्रे पाडीत. याशिवाय मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. स्त्रिया नाटक-सिनेमात येण्यास कचरत, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. या धडपडीवर परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

परंतु त्याच्या कितीतरी आधी फाळक्यांनी स्वतःच ही नोंद करून ठेवली होती. १९१७ मध्ये त्यांनी ‘हाऊ फिल्म्स आर प्रिपेअर्ड’ हा छोटा माहितीपट तयार केला. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. नटांना शिकवितात, फिल्मची पट्टी हाती धरून न्याहाळतात. प्रेक्षकाला चमत्कार दाखविणाऱ्याने चमत्कारामागचे कष्टही उघडे करून दाखवावेत, हा प्रामाणिकपणा थोर होय. त्या माहितीपटाचे तुकडेच आज उरले आहेत.

हेपवर्थचे नशीब याहून वाईट. १९२४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि त्याच्या निगेटिव्ह त्यांतील चांदीसाठी वितळविण्यात आल्या. आपल्याकडे १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले म्हणून फाळक्यांच्या कृतींचे जे काही अवशेष होते ते टिकले.

वाचकहो, सरस्वतीबाईंचे नाव त्या काळच्या पडद्यावर झळकले नाही. आपल्याही धर्मग्रामात सणाची नाटके होतात, त्यांचे पोशाख कोणी रात्री जागून शिवलेले असतात. घरातील कपाटांत जुने फोटो, फिल्मचे डबे, हस्तलिखित संहिता पडून आहेत. घर बदलताना ते रद्दीत देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. वडीलधाऱ्यांना जवळ बसवून फोटोंमागे नावे लिहून घ्यावीत. कपडे कोणी शिवले, जेवण कोणी रांधले, हेही त्यात लिहावे. सांगणारे आज आहेत, उद्या असतीलच असे नाही.