जॉर्जियाचे तीन गव्हर्नर

राज्यपाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरची ती समुद्राकाठची जुनी वास्तू उभी राहते. शपथविधी, पदवीदान, ध्वजवंदन असा सारा शांत, भारदस्त कारभार. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. त्याबाबत आपल्याला कोणी विचारीत नाही, आणि आपणही ते फारसे मनाला लावून घेत नाही. अमेरिकेतला गव्हर्नर हा निराळाच प्राणी आहे. नाव राज्यपालाचे, पण अधिकार आपल्या मुख्यमंत्र्याचे, आणि त्याला निवडतात थेट लोक.

तेही एकदा नव्हे, दोनदा. आपल्याकडे उमेदवारीचे तिकीट वरून येते. इच्छुक मंडळी दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या करतात, मध्यरात्री यादी फुटते, आणि सकाळी कुणाच्या दारात पेढे तर कुणाच्या दारात शुकशुकाट. तिकडे हे तिकीटही मतदारांनीच द्यायचे, अशी रीत विसाव्या शतकाच्या आरंभी पडली. विस्कॉन्सिनचा गव्हर्नर ला फॉलेट याने तिच्यासाठी मोठी खटपट केली. पक्षाच्या चार पुढाऱ्यांनी बंद खोलीत उमेदवार ठरवू नये, पक्षाच्या सामान्य मतदारांनी मत देऊन ठरवावा, असे त्याचे म्हणणे. या पहिल्या फेरीला ते ‘प्रायमरी’ म्हणतात. आम्हा मास्तर मंडळींना प्रायमरी म्हटले की बिगारीचा वर्ग आणि पाटी-पेन्सिल आठवते. पण तिकडची प्रायमरी भल्याभल्यांना धडा शिकवते.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका आहे असे मात्र नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला, त्यात अशीच एक पहिली फेरी होती. अस्पृश्यांच्या प्रत्येक राखीव जागेसाठी आधी त्या मतदारसंघातल्या अस्पृश्य मतदारांनीच मते देऊन चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चौघांतून एक सर्व जातींच्या मतदारांनी मिळून निवडायचा. पहिल्या फेरीत ज्याला आपल्या माणसांनी डोक्यावर घेतले तो दुसऱ्या फेरीत पडे, आणि मागला पुढे जाई. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी इंग्रज सरकारपुढे हेच गाऱ्हाणे आकडे देऊन मांडले. निवडणुकीला दोन दारे असली, तर कोणत्या दारावर कोणाचा पहारा आहे हे आधी पाहावे लागते. त्याच १९४६ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात काय घडले, ते मला या निमित्ताने सांगायचे आहे. २०२६ हे साल जॉर्जियात गव्हर्नर निवडण्याचे, मे महिन्यात प्रायमऱ्या आणि नोव्हेंबरात अखेरचे मतदान असे. तेव्हा ही ऐंशी वर्षांपूर्वीची हकीकत उजळण्यास मुहूर्तही बरा आहे.

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचे कापसाचे राज्य. गुलामगिरी गेली, तरी वेठ आणि दहशत राहिली. तेथे १८७२ नंतर थेट २००२ पर्यंत रिपब्लिकन पक्षाचा एकही गव्हर्नर निवडून आला नाही. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत जो जिंकला तोच गव्हर्नर; नोव्हेंबरातले मतदान म्हणजे लग्न लागल्यावरची वरात. आणि या पक्षाने १९०० सालीच नियम करून टाकला होता की, आमच्या प्रायमरीत मत गोऱ्यांनीच द्यायचे. काळ्यांनी खुशाल नोव्हेंबरात मत द्यावे. त्यांना घटनेने दिलेला हक्क आम्ही कोठे नाकारतो? पक्ष ही खासगी मंडळी, आमच्या घरच्या पंगतीला कोणाला बोलवावे हा आमचा प्रश्न! या युक्तिवादाची मला नेहमी कमाल वाटते. अन्याय करणाऱ्याला लाठी उचलावी लागू नये, नुसती नियमांची वही दाखवून काम भागावे, अशी ही सोय होती.

३ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्यातली अशीच ‘गोरी प्रायमरी’ बेकायदा ठरवली. तो दावा लढणारा लॉनी स्मिथ हा ह्यूस्टनचा दातांचा डॉक्टर. जॉर्जियातल्या पुढाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, तो निकाल टेक्सासचा. तेव्हा कोलंबस गावचा प्रायमस किंग पुढे सरसावला. हा धंद्याने न्हावी आणि रविवारी धर्मोपदेशक. ४ जुलै १९४४ रोजी तो मतदानाच्या जागी गेला. हा दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा, आणि त्याच दिवशी तेथे प्रायमरी होती! पोलिसाने त्याला बाहेर काढले. किंगने दावा लावला. १९४५ च्या ऑक्टोबरात तो जिंकला, वरच्या कोर्टातही जिंकला, आणि १ एप्रिल १९४६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचे अपील ऐकण्यास नकार दिला. एका न्हाव्याने सेहेचाळीस वर्षांचे दार उघडले.

त्या वर्षी गव्हर्नरची निवडणूक होतीच. मावळता गव्हर्नर एलिस आर्नल हा सुधारक होता. त्याने मतदानाचे वय अठरावर आणले होते आणि मतदानासाठी भरावा लागणारा डोईपट्टीसारखा करही काढून टाकला होता. आता काळ्या वस्त्यांत नावनोंदणीची एकच झुंबड उडाली. अटलांटात चर्चमधून, शाळांमधून, दारोदार फिरून माणसे रांगांत उभी करण्यात आली. पन्नासेक दिवसांत सुमारे १८,००० नवी नावे चढली. राज्यभरात नोंदलेले काळे मतदार सव्वा लाखाच्या घरात गेले. युद्धावरून परतलेली पोरे त्यांत पुष्कळ होती.

समोर उभा होता यूजीन टॅल्मेज. तीन वेळा गव्हर्नर झालेला हा गडी. तांबडे गॅलिस लावून गावोगाव सभा मारायचा, शेतकऱ्यांना हसवायचा आणि भडकवायचा. ज्या गावात ट्राम आहे तेथली मते मला नकोत, असे तो सांगे म्हणतात. निवडून आलो की गोरी प्रायमरी परत आणीन, हे त्याचे उघड वचन. त्याच्या माणसांनी कित्येक कौंट्यांत काळ्या मतदारांच्या नावांवर हरकती घेऊन हजारो नावे यादीतून खोडवली. त्याच्याविरुद्ध जेम्स कारमायकेल हा तरुण वकील होता. युद्धकाळात मॅरिएटाचा विमान कारखाना त्याने चालवला होता. तिसरा उमेदवार माजी गव्हर्नर रिव्हर्स.

१७ जुलै १९४६ रोजी मतदान झाले. कारमायकेलला सुमारे ३ लाख १३ हजार मते पडली, टॅल्मेजला २ लाख ९७ हजार. हे आकडे फळ्यावर लिहून कोण जिंकला असे विचारले, तर चौथीतले पोरही अचूक सांगेल, आणि ते चुकेल. टॅल्मेज जिंकला!

कारण पहिल्या दारावर एक दुसरा पहारेकरी होता, आणि तो कोर्टाच्या नजरेतून अजून सुटलेला होता. जॉर्जियात १५९ कौंट्या. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. १९१७ च्या कायद्याने प्रायमरीतला निकाल माणसांच्या मतांवर नसून कौंट्यांच्या ‘युनिटां’वर ठरे. सर्वांत मोठ्या ८ कौंट्यांना प्रत्येकी ६ युनिटे, त्यापुढच्या ३० कौंट्यांना प्रत्येकी ४, आणि उरलेल्या १२१ कौंट्यांना प्रत्येकी २, एकूण ४१०. ज्या कौंटीत जो पुढे, त्याला तिची सारी युनिटे. म्हणजे अटलांटा शहराची लाखो वस्तीची फुल्टन कौंटी एका बाजूला, आणि चिंचेच्या झाडाखाली मावतील एवढ्या मतदारांच्या तीन कौंट्या दुसऱ्या बाजूला, की पारडे समान. शहरात दहा हजार मते जादा घेतली काय नि वीस हजार घेतली काय, युनिटे सहाच. टॅल्मेजने खेडी गोळा केली: टॅल्मेज २४२, कारमायकेल १४६, रिव्हर्स २२.

आता खेड्यांना झुकते माप द्यावे, ही गोष्ट मुळात वाईट असे मी खेड्यात वाढलेला मास्तर कसे म्हणू? पण माप झुकले होते ते खेड्याकडे नव्हे. खेड्यातही काळा शेतमजूर होताच, आणि त्याच्या मताची काय किंमत होती ते मेसिओ स्नाइप्सच्या मरणाने कळते. हा महायुद्धातून परत आलेला सैनिक. टेलर कौंटीत त्याने १७ जुलैला मत दिले. त्याच्या भागात मत देणारा तो एकटाच काळा माणूस होता, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी गोरे लोक दारात आले. त्याला जेवणावरून बाहेर बोलावले आणि गोळ्या घातल्या. २० जुलैला तो गेला. मारणाऱ्याने स्वसंरक्षण म्हटले, आणि ते मान्य झाले. २५ जुलैला वॉल्टन कौंटीत मूर्स फोर्ड पुलाजवळ दोन तरुण काळी जोडपी जमावाने गाडीतून ओढून गोळ्यांनी उडवली. त्या चौघांतला एकजण, जॉर्ज डॉर्सी, हाही युद्धावरून आलेला. कोणालाही शिक्षा झाली नाही. ६ ऑगस्टला अटलांटाच्या एका दैनिकात एका सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराचे पत्र छापून आले: आम्हाला फक्त नागरिकाचे साधे हक्क हवेत, अशा अर्थाचे. खाली नाव होते, एम. एल. किंग, ज्युनिअर.

याच महिन्यात मुंबईचा एक धागा अमेरिकेपर्यंत गेला होता. १९४६ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांनी डॉ. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. डु बॉइस हे काळ्यांच्या चळवळीतले थोर पंडित; अटलांटाच्या विद्यापीठात दोन वेळा मिळून त्यांची वीसहून अधिक वर्षे गेलेली. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज केल्याचे आंबेडकरांच्या कानी आले होते. तसेच पाऊल अस्पृश्यांसाठी टाकावे असे त्यांच्या मनात होते, म्हणून त्यांनी त्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांचे स्नेहाचे उत्तर ३१ जुलैचे आहे. मूर्स फोर्डला तेव्हा सहाच दिवस झाले होते.

आता जॉर्जियाचा पुढला तमाशा. टॅल्मेज नोव्हेंबरात बिनविरोध निवडून आला खरा, पण त्याचे यकृत निकामी होत चालले होते, आणि २१ डिसेंबर १९४६ रोजी, शपथ घेण्याआधीच, तो वारला. त्याच्या चेल्यांनी ही वेळ आधीच ओळखली होती. राज्यघटनेत असे होते की कोणालाच बहुमत नसेल तर विधिमंडळाने सर्वाधिक मते मिळालेल्या दोन हयात माणसांतून एक निवडावा. तेव्हा मतपत्रिकेवर हाताने टॅल्मेजच्या मुलाचे, हर्मनचे, नाव लिहिण्याची गुपचूप सूचना काहींना गेली होती. मोजणीत मात्र पंचाईत झाली. हाताने लिहिलेल्या नावांत कारमायकेलला ६६९, बॉवर्स नावाच्या रिपब्लिकनाला ६३७, आणि हर्मनला ६१७. हर्मन तिसरा! मग टॅल्मेजांच्या स्वतःच्या टेल्फेअर कौंटीत एकाएकी आणखी ५८ मते ‘सापडली’, आणि हर्मन ६७५ वर जाऊन पहिला आला. पुढे अटलांटाच्या एका पत्राचा बातमीदार जॉर्ज गुडविन याने मतदारांची ती यादी खणून काढली. यादीतले लोक मतदानाला वर्णानुक्रमाने आले होते, सह्या एकाच वळणाच्या, आणि काहीजण तर केव्हाच परलोकवासी झालेले! या शोधाबद्दल गुडविनला १९४८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१५ जानेवारी १९४७ च्या पहाटे विधिमंडळाने हर्मनला गव्हर्नर ठरवले. आर्नल म्हणाला, मी जागा सोडीत नाही. वारस ठरेपर्यंत मीच गव्हर्नर. हर्मनच्या माणसांनी कचेरीचे दार फोडले आणि कुलपे बदलली. आर्नलला आत जाता येईना, तेव्हा त्याने विधानभवनाच्या घुमटाखालच्या चौकशीच्या टेबलावर आपली कचेरी मांडली. तेथेही कोणीतरी फटाका फोडला. तिसरा हक्कदार नवा उपगव्हर्नर एम. ई. थॉम्प्सन. १८ जानेवारीला आर्नलने त्याच्याकडे वारसा दिला, आणि त्याने शहरात निराळीच कचेरी थाटली. राज्याचे हुकूम कोणाच्या सहीने निघणार? हुकुमावर राज्याची मोहोर हवी, आणि ती होती राज्यसचिव बेन फोर्टसन याच्या ताब्यात. अपघातामुळे हा गृहस्थ चाकांच्या खुर्चीत असे. त्याने मोहोर खुर्चीच्या गादीखाली लपवली आणि तीवर बसून राहिला. आपल्याकडे शिक्के-कट्यारीसाठी पेशवाईत काय काय झाले ते आठवावे! १९ मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्प्सनच्या बाजूने निकाल दिला, आणि हर्मन त्याच दिवशी उठून गेला. पण १९४८ च्या पोटनिवडणुकीत तोच, त्याच युनिटांच्या पद्धतीने, प्रायमरी जिंकून परत आला.

युनिटे पुढे पंधरा वर्षे टिकली. टॅल्मेज पक्षाला ती नोव्हेंबरच्या निवडणुकीलाही लावायची होती; लोकांनी ते दोनदा, १९५० व १९५२ साली, नाकारले. अखेर जेम्स सँडर्स नावाच्या फुल्टनच्या मतदाराने दावा लावला. १९६२ ची प्रायमरी कोर्टाच्या हुकुमाने सरळ मतांवर झाली, आणि १८ मार्च १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठास एक मताने युनिटे कायमची मोडली. त्या निकालात एक हिशेब आहे: १९६० च्या शिरगणतीप्रमाणे एकोल्स कौंटीची वस्ती १,८७६ आणि फुल्टनची ५,५६,३२६, एकोल्सच्या एका रहिवाशाचे वजन फुल्टनच्या ९९ जणांइतके. एका माणसास एक मत, हे सूत्र न्यायमूर्ती डग्लस यांनी तेथे शब्दांत बांधले. चौदा वर्षे आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, आपल्या घटना समितीत आंबेडकर एक मत आणि एक मूल्य यांबद्दलच बोलले होते.

१९६२ साली हवा बदलली म्हणून भुईमुगाचा एक तरुण व्यापारी राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला. क्विटमन कौंटीत तो पडला. चौकशी केली तो मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त, शंभराहून अधिक लोक वर्णानुक्रमाने आलेले, आणि मेलेलेही मत देऊन गेलेले! टेल्फेअरचाच कित्ता. हा गडी कोर्टात गेला आणि जागा मिळवली. त्याचे नाव जिमी कार्टर. १९७१ साली तो गव्हर्नर झाला, आणि १९७४ साली त्याने विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंगची तसबीर लावली. हर्मनच्या माणसांनी कुलपे बदलली ती हीच इमारत.