रब्बींची शाल आणि मंत्रपत्रे

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत दत्तपादुकांपुढे नतमस्तक होणारा भाविक आपणां कोल्हापूरकरांच्या परिचयाचा आहे. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी दूरदूरहून श्रद्धावंत लोटले. साधुपुरुष निघून जातो, त्याच्या खुणा मागे राहतात आणि भक्त त्यांना बिलगतो. ज्या यहुदी धर्मातून आपली श्रद्धा उगम पावली, त्या धर्मात मात्र मृतदेहाच्या अवशेषांचे पूजन नाही. तरीही तेथील हसिदी पंथात गुरूच्या प्रार्थनेतील वस्तूंना मोठे मोल आहे. ते कशामुळे, हे समजून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्राला यहुदी समाज नवा नाही. शब्बाथच्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील बेने इस्राएल लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचे मुंबईतील पहिले सभास्थान सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली उभारले. हसिदी पंथाचा उगम याहून वेगळा, अठराव्या शतकातील पूर्व युरोपातला. आजच्या युक्रेनच्या भूमीत बआल शेम तोव्ह (मृत्यू १७६०) यांनी साध्या, अशिक्षित माणसांना सांगितले की, जडवस्तूंतही देवाच्या प्रकाशाचे स्फुल्लिंग दडलेले आहेत. भक्तिभावाने वस्तू वापरली की ते मुक्त होतात. या पंथाची खबाद ही शाखा रब्बी श्नेऊर झाल्मान (१७४५–१८१२) यांनी स्थापन केली.

हसिदी रब्बींच्या नित्य प्रार्थनेत तीन वस्तू ठळकपणे दिसतात. पहिली तालीत, म्हणजे चार कोपऱ्यांना गोंडे असलेली शाल. त्या गोंड्यांची आज्ञा ‘गणना’ या ग्रंथात आहे. दुसरी तेफिलीन, अर्थात मंत्रपत्रे. चामड्याच्या दोन काळ्या डब्यांत तोरामधील चार उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून ठेवलेले असतात. एक डबी हृदयाजवळ दंडावर आणि दुसरी मस्तकावर बांधायची, म्हणजे भावना आणि बुद्धी दोन्ही देवाच्या सेवेला जुंपायच्या. एखादे अक्षर जरी तुटले तरी तेफिलीन निरुपयोगी ठरते. तिसरा गार्टेल, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी कमरेला बांधायचा पट्टा.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. रक्तस्रावाने पीडलेली स्त्री प्रभू येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवली, असे संत मत्तय सांगतात. त्याच शुभवर्तमानात, लोकांनी पाहावे म्हणून मंत्रपत्रे रुंद करणाऱ्यांना आणि गोंडे लांब करणाऱ्यांना प्रभूने खडसावलेही आहे. त्याचा रोष वस्तूंवर नव्हता, त्यांच्या प्रदर्शनावर होता. यहुद्यांशी असलेले आपले हे आध्यात्मिक नाते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीरपणे मान्य केले.

खबादचे अखेरचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्निअरसन (१९०२–१९९४) यांनी १९८६ पासून दर रविवारी भेटीस येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक डॉलरची नोट द्यावयास प्रारंभ केला. हेतू हा की, घेणाऱ्याने दानधर्म करावा. अनेकांनी ती नोट स्मृती म्हणून जपली आणि तिच्याऐवजी दुसरी दान केली. गुरूच्या हातची वस्तू म्हणजे कर्तव्याची सोपवणूक, हा हसिदी विचार येथे स्पष्ट दिसतो.

याच रब्बींच्या परंपरेतील तरुण गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का २००३ साली मुंबईत आले. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये त्यांनी प्रवाशांसाठी प्रार्थनेची आणि भोजनाची सोय केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या घरात घुसले. रब्बी दांपत्यासह सहा जणांचा तेथे बळी गेला. दुसऱ्या दिवशी आया सँड्रा सॅम्युएल यांनी जिवावर उदार होऊन चिमुकल्या मोशेला बाहेर आणले. २०१४ साली ते केंद्र पुन्हा उघडले. गोळ्यांच्या खुणा तेथे राखल्या आहेत आणि प्रार्थनाही चालू आहे.

यहुदी पुरुषाला त्याच्या तालीतमध्ये गुंडाळून पुरतात. तत्पूर्वी तिचा एक गोंडा कापतात, कारण मृताला आता आज्ञापालनाचे बंधन उरलेले नसते. तोराची गुंडाळी निकामी झाली, तर तिलाही मातीत आदराने दफन करतात. तेफिलीन मात्र पित्यामागे पुत्र वापरू शकतो. वयाची तेरा वर्षे पूर्ण झाली की यहुदी मुलगा ते बांधू लागतो. मोशे २०१९ साली त्या वयाचा झाला. घर उद्ध्वस्त करता येते, माणसे मारता येतात. परंतु पित्याने जी आज्ञा पाळली, ती पुत्र पुढे पाळू लागला की मारेकऱ्याचा हेतू विफल होतो.

आपल्या घरोघरीही आजीची जपमाळ, आजोबांचे प्रार्थनेचे पुस्तक, बाप्तिस्म्याची मेणबत्ती जपलेली असते. काचेच्या कपाटात त्या वस्तू सुरक्षित राहतील खऱ्या. पण त्यांतील पावित्र्य जागते ते त्या हाती घेऊन संध्याकाळी कुटुंब प्रार्थनेला बसते तेव्हाच. मण्यांचा धागा तुटला तर पुन्हा ओवता येतो. प्रार्थनेचा धागा तुटू न देणे हे आपले काम आहे.