घरगुती संगणक आणि फायरवॉल : तालुकास्थानाच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरगुती संगणकास फायरवॉलची खरोखर आवश्यकता आहे काय, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक मानला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले असून ते मुख्यतः इंटरनेट घरात कोणत्या मार्गाने आले यावर अवलंबून राहिले आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा मार्ग दीर्घकाळ दूरध्वनीच्या तारेचा आणि म्हणूनच संथ होता. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधल्या जाणाऱ्या भिंतीवरून ही संज्ञा आली. संगणकातील फायरवॉलचे कार्य मात्र गावच्या वेशीवरील जागल्यासारखे असते. आतून कोणी बोलाविले असेल तर उत्तराला वाट द्यावयाची. न बोलाविता आलेल्यास बाहेरच थांबवावयाचे.

दूरध्वनीच्या तारेचा काळ

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभीच्या शेल खात्यात घरचा संगणक निगमच्या यंत्राचा केवळ दूरस्थ पडदा असे. त्याला जाळ्यावर स्वतःचा पत्ताच नसे. ज्याला पत्ता नाही त्याच्या दारावर थाप कोण मारणार? टीसीपी-आयपी खात्यांमुळे आणि पुढे भारत संचार निगमच्या संचारनेट सेवेमुळे मात्र घरचा संगणक, जोडणी चालू असेपर्यंत, जगातील कोणत्याही संगणकास थेट गाठता येऊ लागला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला व संगणक साक्षरता तालुक्यांपर्यंत पोहोचली. वापरणारे वाढले, त्यांच्या संगणकाचे दार उघडे आहे, याची जाणीव त्या प्रमाणात वाढली असे म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल अंतर्भूत होती, परंतु ती मुळात बंद ठेवलेली असे. या निर्णयाची किंमत ११ ऑगस्ट २००३ पासून पसरलेल्या ब्लास्टर या जंतूने वसूल केली. संबंधित दोषाची दुरुस्ती १६ जुलै रोजीच उपलब्ध झालेली होती. ती बसविली नसलेल्या संगणकात हा जंतू १३५ क्रमांकाच्या द्वारातून, वापरणाऱ्याने काहीही न उघडता, शिरत असे. संगणक मिनिटभरात बंद होणार असल्याची सूचना पडद्यावर झळके आणि तो खरोखरच बंद होई. दुरुस्ती उतरवून घेण्यासाठी इंटरनेट जोडावे, तर ती उतरण्यापूर्वीच संगणक पुन्हा बंद पडे. म्हणूनच प्रथम फायरवॉल चालू करावी व नंतर दुरुस्ती घ्यावी, असा क्रम सांगितला गेला. घरगुती फायरवॉलच्या आवश्यकतेचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ही फायरवॉल आपोआप चालू केली. पण या पॅकचे पूर्ण आकारमान सुमारे २६६ मेगाबाइट होते. ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवर, तार एकदाही न तुटता, ते उतरविण्यास किमान ११ तास लागले असते. मिनिटामिनिटाचे दूरध्वनी शुल्क मोजणाऱ्या कुटुंबाला ते परवडणारे नव्हते. कोणाकडून तरी सीडी मिळविणे हाच व्यवहार्य मार्ग. जेथे दुरुस्त्या उशिरा पोहोचतात तेथे वेशीवरील पहाऱ्याचे मोल अधिक, ही गोष्ट महानगरी सल्लागारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

ब्रॉडबँड आणि नंतर

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. तिचा मोडेम दोन रीतींनी जोडता येई. एका रीतीत जाळ्यावरील पत्ता थेट संगणकालाच मिळे. दुसरीत तो मोडेमपाशीच थांबे व आतील संगणकांना खासगी पत्ते दिले जात. १९९४ मध्ये मांडलेले हे पत्ता-रूपांतराचे तंत्र पत्त्यांच्या टंचाईवरील तोडगा होता, संरक्षणाचा नव्हे. तरीही अनाहूत मागणी कोणत्या संगणकाकडे न्यावी हेच मोडेमला ठाऊक नसल्याने ती तेथेच विरून जाई. अशा घरात पैसे मोजून वेगळी फायरवॉल घेण्याचे प्रयोजन पुष्कळसे संपले होते.

शिवाय पहारा वेशीवर असला तरी घरच्याच माणसाच्या खिशातून येणाऱ्याला तो अडवीत नाही. पुण्यातील कैलास व संजय काटकर बंधूंचे क्विक हील १९९० च्या दशकात उभे राहिले, तेव्हा जंतू प्रामुख्याने फ्लॉपीतून फिरत. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकटलेला कॉनफिकर जाळ्यातून आला, पण पुढे पेनड्राइव्हमधूनही पसरला. आज ओटीपी विचारून होणाऱ्या फसवणुकीत तर दार आतूनच उघडले जाते. तेथे फायरवॉल निरुपयोगी आहे.

यावरून ती बंद ठेवावी असा अर्थ काढणे घातक ठरेल. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय ४४५ क्रमांकाच्या द्वारातून संगणक गाठत होता आणि त्याचीही दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. एकाच जाळ्यावरील शेजारच्या संगणकाकडून येणारा असा धोका मोडेममधील पत्ता-रूपांतर रोखू शकत नाही. कारण ती वाहतूक मोडेमच्या बाहेर जातच नाही. तेथे प्रत्येक संगणकातील स्वतःची फायरवॉलच कामी येते.

पत्त्यांची टंचाई दूर करणाऱ्या आयपीव्ही-६ चा प्रसार भारतात आता मोठ्या प्रमाणावर झाला आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला पुन्हा स्वतंत्र जागतिक पत्ता मिळू शकतो आणि पत्ता-रूपांतराचा अनायासे लाभलेला आडोसा राहत नाही. अनाहूत मागणी अडविण्याचे काम तेव्हा राउटरमधील किंवा संगणकातील फायरवॉलकडेच येते. महाविद्यालयाच्या सामायिक वाय-फायवर वा प्रवासातील हॉटस्पॉटवर जोडताना विंडोजमध्ये ‘सार्वजनिक’ हा पर्याय निवडला, की हा पहारा अधिक कडक होतो; त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.