एड्स : संसर्गभीतीचा इतिहास

रोग्याच्या स्पर्शाने, चुंबनाने किंवा एका ताटात जेवल्याने एड्स होतो, अशी भीती १९८० नंतरच्या दशकात जगभर पसरली. १९८१ मध्ये अमेरिकेत या रोगाची प्रथम नोंद झाली, तेव्हा त्याचे कारण अज्ञात होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी १९८३ मध्ये कारक विषाणू वेगळा केला. लैंगिक संबंध, दूषित रक्त व सुया आणि मातेकडून अपत्यास होणारा संसर्ग हे त्याच्या प्रसाराचे मुख्य मार्ग असल्याचे त्याच सुमारास स्पष्ट होत गेले. तथापि लाळेतही विषाणू आढळल्याचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले व भीती बळावली.

लाळेत विषाणू सापडणे आणि लाळेवाटे संसर्ग होणे या भिन्न गोष्टी होत. लाळेत या विषाणूचे प्रमाण अत्यल्प असते व तिच्यातील काही घटक त्यास निष्प्रभ करतात. याउलट ग्रंथिज्वरास कारणीभूत असणारा एप्स्टाइन-बार विषाणू प्रामुख्याने लाळेवाटेच पसरतो. न्यूयॉर्कमधील फ्रीडलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३९ रोग्यांच्या घरांतील, लैंगिक संबंध नसलेल्या १०१ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. भांडीकुंडी व न्हाणीघर समाईक असूनही केवळ एका बालकास संसर्ग आढळला. तोही बहुधा जन्मसमयी मातेकडून झालेला होता. चुंबनातून संसर्ग झाल्याची शक्यता दर्शविणारे एक उदाहरण अमेरिकेत १९९७ मध्ये नोंदले गेले. परंतु तेथे हिरड्यांतून वाहणारे रक्त हे संभाव्य कारण मानले गेले. ब्रिटनच्या राजघराण्यातील डायाना यांनी १९८७ मध्ये लंडनच्या रुग्णालयात हातमोजे न घालता एका रोग्याशी हस्तांदोलन केले, त्याचा लोकमतावर मोठा परिणाम झाला.

शास्त्रीय निष्कर्ष उपलब्ध असूनही कायदा मात्र भीतीच्याच आधारे चालला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद होती. रक्तदानानंतर बाधित आढळलेले डॉमिनिक डिसोझा यांना तिच्या आधारे १९८९ मध्ये म्हापसा येथे सु. दोन महिने एकांतवासात ठेवण्यात आले. त्यांच्या मातेने या तरतुदीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. परंतु न्यायालयाने ती वैध ठरविली. डिसोझा यांनी बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापन केली व १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. बाधितांना अलग ठेवणे हा भेदभाव ठरविणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. रोगाच्या प्रसाराचे मार्ग ज्ञात झाल्यानंतर त्या ज्ञानाला कायद्यात स्थान मिळण्यास अशा रीतीने तीन दशकांहून अधिक काळ लागला.